टीबी होऊन गेलाय, नवऱ्याला शुगर, मुलाला ऑटिझम: कॅनडाचं मेडिकल अडेल का?

प्रश्न: आम्ही मूळचे तासगावचे, सध्या सांगलीत विश्रामबागला राहतो. मी ३४ वर्षांची, मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स. मिस्टर ३८, मेकॅनिकल इंजिनिअर. एक्स्प्रेस एन्ट्रीतून कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज करायचाय, नाहीच जमलं तर ऑस्ट्रेलिया. मला आठ वर्षांपूर्वी फुप्फुसाचा टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला. मिस्टरांना शुगर आणि बीपी आहे. मुलगा सहा वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. सासूबाईंची किडनी कमी काम करते, क्रिएटिनिन ३.२ आहे, त्यांनाही पुढेमागे न्यायचंय. एजंट म्हणतात, मेडिकलमध्ये काहीच सांगू नका आणि मुलाची थेरपी काही महिने बंद ठेवा, म्हणजे कागद तयार होणार नाहीत. काय करावं?

उत्तर:

ताई, आधी शेवटच्या वाक्याबद्दल बोलतो. मुलाची थेरपी बंद करू नका, एक आठवडासुद्धा नको. बंद केली असेल तर उद्यापासून सुरू करा. बाकीचं सगळं सावकाश बघू.

मी सांगलीत फिजिशियन आहे. परदेशाच्या व्हिसाचं मेडिकल करणारा अधिकृत डॉक्टर मी नाही. ते त्या-त्या देशाने नेमलेले असतात आणि आपल्या भागातल्या लोकांना त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागतं. माझ्याकडे लोक येतात ते त्या तपासणीच्या आधी फाइल नीट लावून घ्यायला, नाहीतर अडचणीचं पत्र हातात पडल्यावर. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसत आली आहे. आजाराच्या नावाला लोक जितके घाबरतात, तितकं समोरचा अधिकारी त्या नावाकडे बघत नाही. तो दोन गोष्टी बघतो. हा आजार दुसऱ्याला लागेल का, आणि येत्या काही वर्षांत या माणसावर सरकारचा किती पैसा खर्च होईल. तुमच्या घरातला प्रत्येक आजार या दोन प्रश्नांसमोर ठेवला की चित्र बरंच स्पष्ट होतं.

कॅनडाच्या कायद्यात प्रकृतीच्या कारणावरून नकार द्यायला तीन आधार आहेत: सार्वजनिक आरोग्याला धोका, सार्वजनिक सुरक्षेला धोका आणि सरकारी आरोग्य-सामाजिक सेवांवर अवाजवी भार. तिसऱ्यासाठी चक्क आकडा ठरवलेला आहे आणि तो दरवर्षी बदलतो. २०२५ सालासाठी तो पाच वर्षांत १,३५,८१० कॅनेडियन डॉलर होता, म्हणजे वर्षाला २७,१६२ डॉलर. आपल्या रुपयांत वर्षाला सोळा-सतरा लाखांच्या घरात. तुमच्या उपचारांचा तिथला अंदाजे खर्च याच्या आत बसत असेल, तर खर्चाच्या कारणावरून अर्ज नाकारता येत नाही. ही मर्यादा पूर्वी बरीच कमी होती, २०१८ मध्ये ती तिप्पट केली. त्यामुळे त्याआधी गेलेल्या नातेवाइकांचे अनुभव आज तसेच्या तसे लागू पडत नाहीत. गावाकडे मात्र सल्ले अजून तेव्हाचेच फिरतात.

मिस्टरांचं आधी उरकतो, कारण तिथे फारसं काही नाही. मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचा खर्च त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. शुगर आहे एवढ्यावरून कॅनडाने नाकारलंय, असं मी पाहिलेलं नाही. शुगरने मूत्रपिंड, हृदय किंवा डोळा धरला असेल तर प्रश्न उभा राहतो. म्हणून त्यांचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन आत्ताच तपासून घ्या. एचबीए१सी नऊ-दहा असेल तर तीन महिने नीट औषध, चालणं, खाणं सांभाळून मग तपासणीला जा. ते अर्जासाठी नाही केलं तरी त्यांच्यासाठी करायलाच हवं. आणि तपासणीच्या दिवशी बीपीची गोळी घेऊनच घराबाहेर पडायला सांगा. उपाशीपोटी जायचं असतं असा समज करून लोक सकाळची गोळी चुकवतात, पहाटेच्या प्रवासाने दमलेले असतात, आणि तिथे बीपी १६०-१०० भरतं. मग पुन्हा मोजा, पुन्हा रिपोर्ट, पुन्हा फेरी.

आता तुमचा टीबी. तुमच्या फाइलमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट ही असेल, म्हणून इथे जरा थांबतो.

टीबी होऊन गेला म्हणून कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटन कायमचं दार लावत नाहीत. त्यांना सध्या जंतू जिवंत नाहीत याची खात्री हवी असते. कॅनडासाठी ११ वर्षांवरच्या प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे काढतात. तुमच्या एक्स-रेत बहुतेक करून फुप्फुसाच्या वरच्या भागात जुने व्रण दिसतील. बरा झालेला टीबी असे व्रण मागे ठेवतोच. पण एकच एक्स-रे समोर असलेल्या डॉक्टरला तो व्रण जुना आहे की नवा, हे ठामपणे सांगता येत नाही. मग तो बेडक्याची तपासणी लिहितो: लागोपाठ तीन दिवस सकाळचे तीन नमुने, सूक्ष्मदर्शकाखाली आणि कल्चरलाही, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला. कल्चरचा अंतिम रिपोर्ट यायला सहा ते आठ आठवडे जातात. तेवढा काळ अर्ज तसाच पडून राहतो आणि घरात सगळ्यांची झोप उडते.

तुम्ही नर्स आहात, तुम्हाला हे ठाऊक आहे, तरी सांगतो: डबीत लाळ नको, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. तोंड साध्या पाण्याने धुवायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि मग खोकायचं. ज्यांना खोकलाच नाही त्यांना मिठाच्या पाण्याची वाफ देऊन नमुना घेतात. नमुना वाया गेला तर पुन्हा तीन दिवस. म्हणून पुण्याला जाताना परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.

यातली अनिश्चितता कमी करायचा एक मार्ग आहे. त्या वेळचे एक्स-रे शोधा. उपचार सुरू झाला तेव्हाचा, संपला तेव्हाचा, मधे कधी काढला असेल तो. मग आता सांगलीतच एक नवा काढून घ्या आणि रेडिओलॉजिस्टकडून तुलना लिहून घ्या की आठ वर्षांपूर्वीच्या फिल्मपेक्षा बदल नाही. त्याच्या जोडीला उपचार पूर्ण केल्याचं पत्र हवं: कोणती औषधं, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, सुरुवातीचा आणि शेवटचा बेडक्याचा रिपोर्ट. सरकारी केंद्रात उपचार झाले असतील तर नोंद निक्षय या सरकारी टीबी-नोंदणीच्या पोर्टलवर असण्याची शक्यता आहे, क्षयरोग केंद्रात जाऊन विचारा. खासगीत झाले असतील तर त्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर घ्या. हे सगळं असूनही बेडका तपासायला सांगू शकतात, तो त्यांचा नियम आहे. पण जुना व्रण वर्षानुवर्षं तसाच आहे हे कागदावर असलं की पुढचे सहा महिने ‘थांबून बघू, पुन्हा एक्स-रे काढू’ असा फेरा लागण्याची शक्यता खूप कमी होते.

मंजुरी मिळताना तुमच्या कागदावर ‘वैद्यकीय देखरेख’ अशी नोंद येऊ शकते. त्याने दचकू नका. तिथे पोहोचल्यावर ३० दिवसांच्या आत स्थानिक आरोग्य खात्याशी संपर्क करायचा, एवढाच सामान्यतः त्याचा अर्थ. आणि आज टीबी सक्रिय निघालाच, तरी अर्ज संपत नाही. उपचार पूर्ण करायचे, मग पुढे.

या आजाराची लाज बाळगू नका, आपल्या भागात तर मुळीच नको. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी ओळखली जायची तीच क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळे. ज्या डॉ. विल्यम वानलेस यांचं नाव त्या वाडीला आहे आणि ज्यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, ते मूळचे कॅनडाचेच. इथल्या कितीतरी घरांत एक तरी माणूस टीबीतून बरा होऊन म्हातारा झालेला आहे.

एक तारखांचं गणित लक्षात ठेवा. २१ ऑगस्ट २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीच्या अर्जदारांना मेडिकल आधी करून त्याचा कागद अर्जासोबत जोडावा लागतो. कॅनडाकडून अर्ज करण्याचं निमंत्रण आल्यावर तो भरायला ६० दिवस असतात. म्हणजे जुने एक्स-रे तासगावच्या माळ्यावर शोधत बसायला निमंत्रणानंतर वेळ उरत नाही. ते काम या महिन्यात करा. मेडिकल साधारण १२ महिने चालतं, त्यामुळे उगाच फार आधी करून ठेवण्यातही अर्थ नाही. आणखी एक, लघवीची तपासणी असते, तेव्हा पाळीच्या दिवसांत जाऊ नका. लघवीत रक्त दिसलं की तपासणी पुन्हा करावी लागते.

मुलाचं. ऑटिझमचं नाव ऐकून एजंट घाबरवतात, ते जुन्या नियमांवर. २०१८ पर्यंत कॅनडा विशेष शिक्षणाचा खर्चही भारात धरायचा, आणि मुलाच्या शाळेच्या खर्चापायी अख्ख्या कुटुंबाला नकार मिळायचा. त्या वर्षी विशेष शिक्षण, सामाजिक आणि व्यावसायिक पुनर्वसन, व्यक्तिगत मदतनीस हे हिशोबातून काढले. त्याच्याही आधी, २००५ मध्ये, हिलविट्झ खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की निदानाचं लेबल बघून नकार देता येणार नाही, या मुलाला प्रत्यक्षात काय लागणार आणि हे कुटुंब काय करायला तयार आहे, ते बघावं लागेल. हिलविट्झ दक्षिण आफ्रिकेचे, त्यांच्या मुलाला बौद्धिक अपंगत्व होतं.

म्हणून तुमच्या मुलाबाबतीत महत्त्वाचा कागद म्हणजे त्याच्या गरजांचं नेमकं वर्णन. किती बोलतो, स्वतः जेवतो का, शाळेत बसतो का, फिट्स येतात का, औषध चालू आहे का, आठवड्यातून किती वेळा स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी, आणि गेल्या वर्षभरात काय सुधारलं. हे शेवटचं फार मोलाचं. थेरपीने पुढे जाणारा मुलगा, असं वर्णन त्या हिशोबात त्याच्या बाजूने जातं. ते कधी लिहिता येईल? थेरपी चालू असेल तर. ती बंद ठेवून कागद टाळणाऱ्या आईवडिलांच्या हातात शेवटी काय उरतं, तर सात वर्षांचा, कमी बोलणारा मुलगा आणि एकही रिपोर्ट नाही. तपासणारा डॉक्टर मुलाशी बोलतो, त्याला खोलीत फिरताना बघतो. त्याला दिसतंच. मग तो स्वतः तज्ज्ञाकडे पाठवतो, आणि त्या तज्ज्ञाला तुमच्या मुलाबद्दल एका तासात जेवढं कळेल तेवढंच कागदावर येतं. सहाव्या-सातव्या वर्षातले ते महिने मुलाला परत मिळत नाहीत, हा तर त्याहून मोठा तोटा. मला याचा त्रास होतो, म्हणून इतकं लांबवून लिहितोय.

मुलाला अर्जातून वगळण्याचा सल्लाही काही जण देतात: ‘आधी तुम्ही जा, मग त्याला बोलवा.’ तसं करू नका. कॅनडाच्या अर्जात नवरा-बायको आणि अवलंबून असलेली मुलं, सोबत येणारी असोत वा नसोत, सगळी दाखवावी लागतात आणि साधारणपणे सगळ्यांचं मेडिकल होतं. ज्याला दाखवलंच नाही त्याला नंतर कुटुंब म्हणून बोलावण्याचा रस्ता जवळपास बंद होतो. उलट, नीट दाखवून एकदा पीआर मिळाला की पुढे काही कारणाने नवरा-बायको किंवा मुलाला प्रायोजित करण्याची वेळ आली, तर त्यांना खर्चाची ही अट लागू नाही. आईवडिलांना मात्र लागू आहे, आणि तिथे सासूबाईंचा प्रश्न येतो.

पण त्याआधी हे लक्षात घ्या की सासूबाईंच्या किडनीचा तुमच्या आत्ताच्या अर्जाशी काही संबंध नाही. आपण एकत्र कुटुंब म्हणून विचार करतो, पण तिथल्या व्याख्येत अर्जदार, जोडीदार आणि मुलं एवढंच कुटुंब. त्यांचे रिपोर्ट फाइलला लावायची गरज नाही.

पुढे त्यांना कायमचं न्यायचं म्हटलं तर मी खरं सांगतो, अवघड आहे. क्रिएटिनिन ३.२ म्हणजे पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता अधिकारी धरणारच, आणि डायलिसिसचा तिथला खर्च त्या मर्यादेच्या बराच वर जातो. ‘आम्ही स्वतः भरू’ असं लिहून देऊन इथे भागत नाही. बाहेरून आणायच्या औषधांचा खर्च स्वतः उचलण्याची तयारी दाखवता येते, खासगी विम्याचा आधार देता येतो. पण हॉस्पिटलमधली सेवा तिथे सरकारी असते, ती नाकारण्याची हमी ग्राह्य धरत नाहीत. आईवडिलांना दीर्घ भेटीसाठी मिळणारा सुपर व्हिसा हा दुसरा मार्ग, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण त्यालाही मेडिकल आहे आणि किमान एक लाख डॉलरचं विमाकवच लागतं. किडनीचा जुना आजार असलेल्या माणसाला असा विमा घेताना अटी बारकाईने वाचा, जुना आजार वगळलेला असू शकतो. माझं मत विचाराल तर आज त्यांच्यासाठी चांगला नेफ्रोलॉजिस्ट आणि बीपीचा काटेकोर ताबा हेच काम आहे. पुढे डायलिसिस लागलंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं. ही सोय सोडून त्यांना परक्या देशात महागड्या उपचाराच्या तोंडी द्यायचं का, याचा घरात शांतपणे विचार करा. इथे त्यांच्याजवळ कोण राहणार, हे अर्ज करायच्या आधी ठरवा.

लपवण्याबद्दल. मेडिकलच्या वेळी तुमच्यासमोर प्रश्नावली येते: कधी टीबी झाला होता का, दवाखान्यात भरती होतात का, रोजची औषधं कोणती. त्याखाली तुमची सही असते. ‘नाही’ लिहिलं आणि एक्स-रेत व्रण दिसला, तर जो आजार अर्ज अडवणार नव्हता तो खोटेपणाचं प्रकरण होतो. कॅनडात चुकीच्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी आहे. ऑस्ट्रेलियातही अशाच कारणाने तीन वर्षं व्हिसा अडतो. एजंटाचं नाव त्या सहीखाली कुठेच नसतं. तुमच्या एजंटाला विचारा की तो कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’चा, म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेचा, परवानाधारक आहे का. परवाना क्रमांक ऑनलाइन पडताळता येतो.

समजा अडचण आलीच, तर थेट नकार येत नाही. आधी एक पत्र येतं, त्यात कोणत्या आजाराचा किती खर्च धरलाय ते लिहिलेलं असतं, आणि उत्तराला ९० दिवस मिळतात. त्या पत्रातला खर्च बऱ्याचदा खोडता येतो. आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधाचं कंपनीचं नाव असतं, आणि ऑटवात बसलेल्या माणसाला त्यावरून काहीच कळत नाही. मूळ औषधाचं नाव, डोस आणि तिथली जेनेरिक किंमत मांडली की आकडा निम्म्यावर आलेला मी बघितलाय. म्हणून आत्ताच तुमच्या सगळ्यांच्या डॉक्टरांकडून टाइप केलेली पत्रं घ्या. ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन, सीएसटी’ (शुगर-बीपीचा रुग्ण, उपचार तेच चालू) एवढ्या तीन ओळींचा केसपेपर चालत नाही. निदान कधी झालं, उपचार काय, आज प्रकृती कशी, पुढची पाच वर्षं काय लागेल, आणि खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

ऑस्ट्रेलियाचा हिशोब वेगळा आणि तुमच्या मुलासाठी जास्त कडक आहे. तिथली मर्यादा १ जुलै २०२४ पासून ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, त्याआधी ५१,००० होती. पण ही वर्षाची नाही, मोजलेल्या सगळ्या काळाची एकत्र रक्कम आहे. शिवाय ते तुमच्या मुलाला प्रत्यक्ष काय लागेल यापेक्षा तशा स्थितीतल्या एका काल्पनिक माणसाला किती खर्च येईल ते धरतात, आणि तुम्ही ती सेवा घेणार नाही म्हणालात तरी फरक पडत नाही. घरातला एक जण नापास तर सगळे नापास. २००८ मध्ये व्हिक्टोरियातल्या हॉर्शम गावात काम करणाऱ्या बर्नहार्ड मोलर या जर्मन डॉक्टरांना मुलाच्या डाऊन सिंड्रोममुळे कायमचं वास्तव्य नाकारलं होतं. गावाला डॉक्टर हवा होता, लोकांनी आवाज उठवला आणि शेवटी मंत्र्यांनी हस्तक्षेप करून मंजुरी दिली. तिथे काही व्हिसांमध्ये सूट मागता येते, काहींत नाही. नोकरी देणाऱ्या मालकामार्फत जाणाऱ्या ४८२ क्रमांकाच्या व्हिसात आणि १८६ च्या काही प्रकारांत सूट शक्य आहे. १८९ आणि १९० या मालकाशिवाय, कौशल्यावर मिळणाऱ्या व्हिसांत नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलं तर ‘कुठला पटकन मिळतो’ हे न बघता सूट असलेलाच मार्ग धरा. तुम्ही नर्स आहात, मालक मिळण्याची शक्यता तुमच्या बाजूने आहे. न्यूझीलंडमध्येही अशीच मर्यादा आहे.

तुमच्या व्यवसायामुळे आणखी दोन देश सांगतो. ब्रिटनमध्ये खर्चाचा हा हिशोबच नाही. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर टीबीचं प्रमाणपत्र लागतं, आणि सहसा आरोग्य अधिभार वर्षाला माणशी १,०३५ पौंड, मुलांना ७७६. नर्स म्हणून हेल्थ अँड केअर व्हिसावर गेलात तर तुम्हाला आणि सोबतच्या कुटुंबाला हा अधिभार माफ आहे. जर्मनीतही राष्ट्रीय व्हिसासाठी असा खर्चाचा चाप नाही, आरोग्य विमा मात्र सक्तीचा, आणि नर्सच्या मान्यतेसाठी प्रकृती कामाला योग्य असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मुलाचा विचार करता तुमच्या जागी मी या दोन देशांची माहिती कॅनडाच्या बरोबरीने काढली असती.

आखाताचं इथे लिहितो, कारण जत-आटपाडीकडची मुलं हाच प्रश्न घेऊन येतात. तिथल्या वाफिद, म्हणजे पूर्वीच्या गामका, तपासणीत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी बघतात, आणि एक्स-रेतला जुना टीबीचा व्रणही ‘अनफिट’ ठरवायला पुरतो. समजावून सांगायला तिथे फारशी जागा नसते. म्हणून एजंटाला पैसे देण्याआधी गावातच एक्स-रे आणि रक्त तपासून घ्यावं.

तुमच्याकडे आता क्रम असा: या आठवड्यात जुने एक्स-रे आणि टीबीचे कागद, मुलाच्या थेरपिस्टला सविस्तर रिपोर्टसाठी सांगणं, मिस्टरांचं रक्त-लघवी. नवा एक्स-रे आणि तुलना त्यानंतर. कागद नुसते प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, प्रत्येक माणसाची वेगळी फाइल, तारखेप्रमाणे. मूळ फिल्म कुणाच्याही, एजंटाच्यासुद्धा, ताब्यात देऊ नका. लागली तर स्कॅन द्या.